टाळ खाणारे डबे

२ नोव्हेंबर, रविवार

नवनाथ आज तीन डबे घेऊन आला. इंदूला वाटलं, दिवाळीच्या फराळाचे डबे परत आणले, म्हणून ती ते उचलून थेट स्वयंपाकघरात निघाली होती.

"मामी, हे ऐकायचे डबे आहेत," नवनाथ म्हणाला.

नवनाथ माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. हिंजवडीत नोकरी, मारुंजीत भाड्याचा फ्लॅट, बायको वर्षाली गुणी. पोराला ना पान ना तंबाखू, पण या डब्यांचं वेड आहे. त्याने मला समजावलं ते असं. गाणं हल्ली आकड्यांत साठवतात. आकडे कानाला ऐकू येत नाहीत. त्यांचा परत आवाज करतो तो डबा म्हणजे डॅक. फोनमध्येही एक असतो, पण तो रेशनच्या तांदळासारखा, पोट भरण्यापुरता. चांगला डॅक वेगळाच, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. नवनाथ आणि त्याचे मित्र आपापले डबे अदलाबदल करून ऐकत बसतात. मारुंजीत शेजारी भिंत ठोकतात म्हणून स्पीकर आणि ॲम्प्लिफायर त्याने आधीच आमच्या थेरगावच्या हॉलमध्ये आणून ठेवलेत.

मी हे सगळं चालवून घेतोय ते एका रेकॉर्डिंगसाठी. दोन हजार चार साली आमच्या चाकणच्या कारखान्याचं भजनी मंडळ कामगारांच्या स्पर्धेत उतरलं होतं. साउंडवाल्याने सगळं डिजिटलवर घेतलं आणि त्याची सीडी करून दिली. ती सीडी इतकी वर्षं चिमाजीच्या ट्रंकेत पडून होती. चिमाजी आमचा पखवाजी. गायचे बबनराव, चाकणजवळच्या गावातले, असेंब्ली लाइनवरचे. मी टाळ वाजवायचो. बाकीच्यांपैकी काही गेले, काही आपापल्या गावी परतले. आम्ही तिघे तेवीस तारखेला इथे जमून ती सीडी ऐकणार आहोत. त्याच्या आत मला योग्य डबा निवडायचा आहे. तो दिवस जसा होता तसा मला परत ऐकायचाय. रिटायर झाल्यापासून दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला डबा दोन दिवस ऐकला. काळा, चपटा. नवनाथच्या भाषेत हा 'पारदर्शक'. बबनरावांचा आवाज असा आला की मला उठून उभं राहावंसं वाटलं. त्यांचा तो वरचा स्वर लावण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा आला. चिमाजीचा डावा हात पोटात जाणवला.

पण टाळ नाहीत. म्हणजे आहेत, पण भिंतीपलीकडे कोणी वाजवत असावं तसे. माझे टाळ असे कधीच नव्हते. तो पितळी जोड मी बार्शीहून आणला होता, आणि कँटीनमध्ये वाजला की वेल्डिंगची पोरं वळून बघायची. हा डबा टाळ खातो. नापास.

मी उगाच नापास करत नाही. नोकरीची शेवटची वीस वर्षं मी तेच केलं. गिअरबॉक्स तयार झाला की आवाजाच्या खोलीत यायचा, मी तो फिरवून ऐकायचो. गिअर रडतो का, शीळ घालतो का, बेअरिंग खरखरतं का, ते मी सांगायचो. कानात बोळे कधी घातले नाहीत. त्याआधी भोसरीत प्रेस शॉपला होतो, तिथेही नाही. बोळे घालून कसलं ऐकणार.

खोलीत एक मास्टर असायचा, म्हणजे नमुन्याचा गिअरबॉक्स. पंचाईत आली की आधी मास्टर ऐकायचा, मग माल ऐकायचा. मास्टरवर तारखेची चिठ्ठी असे. वर्ष झालं की तो स्वतः तपासायला जायचा. तारीख उलटली की त्याला लाल चिठ्ठी, आणि त्याच्यावर पास केलेला सगळा माल थांबवायचा. एकदा तारीख एका दिवसाने उलटली होती म्हणून मी बबनरावांची लाइन दुपारपर्यंत बंद ठेवली. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. भजनाला मात्र येत होते, आणि सम दाखवायला माझ्याऐवजी चिमाजीकडे बघत होते.

आता आवाजाची खोली आहे, पण आत माइक आणि संगणक आहे. असो.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरा डबा. हा जड, आत म्हणे रेझिस्टरची शिडी आहे, आकडे एकेक पायरी चढून आवाज होतात. नवनाथचे मित्र याला 'सेंद्रिय' म्हणतात. मी म्हटलं, मेथीची जुडी आहे का ती. पण ऐकल्यावर थोडा वरमलो. बबनरावांचा आवाज यात गोलाई घेऊन येतो, आणि पखवाज काळ्या डब्यात नुसता आदळतो तो इथे घुमतो. फरक मोठा नाही, पण आहे.

नवनाथला पटेना की मला खरंच फरक कळतोय. त्याने डब्यांवर इंदूची शाल टाकली, दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला आणि गुपचूप अदलाबदल करत राहिला. मी नुसत्या पखवाजावरून प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं.

"मामा, आमच्या ग्रुपमध्ये हे कोणालाच जमलं नाही," तो म्हणाला. त्याने मित्रांना लगेच फोन करून सांगितलं. मी चहा मागवला आणि काही विशेष नाही असा चेहरा केला.

टाळ मात्र हाही खातो. म्हणून मी ॲम्प्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, बटण शेवटपर्यंत फिरवलं. त्याने थोडी धुगधुगी आली. तेवढ्यात वर्षाली कपाळाला हात लावून गॅलरीत गेली. तिला डोकेदुखीचा त्रास दिसतो, एकदा डॉक्टरला दाखवायला हवं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इंदू दुपारी तिच्या मैत्रिणीकडे, केसरबाईंकडे, गेली होती. आल्या आल्या तिने विचारलं, इन्व्हर्टर कधीपासून ओरडतोय. मी त्याच्या शेजारीच पेपर वाचत बसलो होतो, काही ओरडत नव्हता. ती म्हणाली, जिन्यापासून ऐकू येतंय. मग तिने बटण दाबून बंद केला म्हणे. नव्या वस्तूंना आवाजच नसतो, हे कंपन्यांच्या लक्षात कोण आणून देणार. आमच्या वेळचा इन्व्हर्टर कुरकुरला की अख्खी सोसायटी जागी व्हायची.

दिवसभर जुन्या बसची आठवण येत राहिली. पहिल्या शिफ्टची बस डांगे चौकातून पहाटे सुटायची. चिमाजी मागच्या सीटवर मांडीवरच पखवाजाचे बोल काढायचा. त्याच्या बोटांवर मी दोन रुपयांची नाणी आपटून टाळ धरायचो. ड्रायव्हर यशवंतराव आरशातून बघायचे. कधी चुकलं तर ब्रेक दाबून सांगायचे, "परत घ्या, कच्चं आलं." चाकण येईपर्यंत दुतर्फा कांद्याचे वाफे होते, आणि काढणीच्या दिवसांत बसमध्ये त्यांचा वास भरायचा. आता तिथे गोदामं आहेत आणि बस अर्धा वेळ ट्रकच्या मागे उभी असते, असं पोरं सांगतात. मला त्या रस्त्याने जाऊन वर्ष झालं. जाण्याचं कारणच उरलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिसऱ्या डब्यावर माझी सगळी भिस्त होती. याच्या डोक्यावर काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत, पेटले की देवघरातल्या समईएवढा उजेड पडतो. जुना रेडिओ आठवला. नवनाथ म्हणाला, हा थोडा खोटं बोलतो पण गोड बोलतो. खरं आहे. पखवाज यात जरा मऊ पडतो, पण बबनराव अगदी समोर बसून गातात.

टाळ शून्य.

इंदू भाजी निवडत होती. तिला विचारलं, "तुला टाळ ऐकू येतात?"

"येतात की."

"कशात?"

"तिन्हींत येतात. या दिव्याच्या डब्यात जरा कमी टोचतात."

तिला माझं मन मोडवत नाही, हे मी लग्नापासून जाणतो. भाजी कशी झाली विचारलं तर मीही छान म्हणतो, त्यातलाच प्रकार. नवनाथ वायरी गुंडाळत बसला.

आता माझी खात्री झाली आहे की दोष कुठल्याच डब्याचा नाही. साउंडवाल्याने माइक गायकापुढे लावला आणि माझ्याकडे पाठ केली. टाळकऱ्याला कोण विचारतो. एकवीस वर्षांनी कळलं की त्या दिवशी मी स्टेजवर होतो, पण रेकॉर्डिंगमध्ये नव्हतो. फार वाईट वाटलं. आज जेवण गेलं नाही, इंदूला पित्त झालंय म्हणून सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बबनरावांना फोन केला. वाटलं, रद्दच करावं. ते म्हणाले, "आरं, मी ड्रेस इस्त्रीला दिलाय. आता न्हाई म्हनू नको." मग तेवीस तारीख कायम ठेवली.

त्यांचा आवाज फोनवर थकलेला वाटला. माझ्या आठवणीत ते अजून त्या दिवशीचेच आहेत, पांढरा सदरा, हातात वीणा, आणि शेवटच्या गजराला डोळे मिटून मान वर केलेली. त्या गजरात माझे टाळ असे काही बसले होते की एक बोट इकडे नाही की तिकडे. घड्याळ लावून घ्यावं. परीक्षकांपैकी एक गृहस्थ मान डोलवत होते ते माझ्याकडे बघून, असं मला अजून वाटतं. पहिला नंबर आम्हालाच मिळाला. एवढं एकदा ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोघे अकराला आले. बबनरावांनी अर्धं पोतं कांदे आणले, चिमाजीने बाकरवडी. इंदूने पुरणपोळी केली होती. नवनाथ आणि वर्षालीही होते. मी शिडीवाला डबा लावला होता, आणि बारीक आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला.

सुरू करण्याआधी मीच सांगून टाकलं, "आपलं रेकॉर्डिंग चांगलं आहे, पण तिन्ही डबे तपासले, टाळ कशातच आलेले नाहीत. माइकवाल्याची चूक. मनाची तयारी ठेवा."

भजन सुरू झालं. चिमाजीने पहिल्याच आवर्तनात करंगळी कानात घातली. बबनराव आधी स्वतःचा आवाज ऐकत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. कडवं संपायच्या आत चिमाजी म्हणाला, "भावा, ते जरा बारीक कर की. कान फुटायची पाळी आली."

"काय बारीक करू?"

"तुझा टाळ."

मला वाटलं, माझी समजूत घालताहेत. दोघांनी वाटेत ठरवलं असणार, इंदूने फोन करून पढवलं असणार. मी तसं बोललोही. जरा लागट बोललो. वर्षाली खाली बघत होती.

बबनरावांनी नवनाथला खूण करून भजन थांबवलं. मग मला शांतपणे विचारलं, "ज्योतीराम, ही डबडी तपासलीस ती कशावर? मास्टर कोनता धरला व्हतास?"

"माझा कान. आणखी कोणता?"

"बरं. मंग त्याची तारीख बघितलीस का?"

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एका दिवसापायी माझी लाइन बंद केली व्हतीस. आठवतंय ना. तवा तुझं बरोबर व्हतं."

पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या असं सगळे म्हणत होते. मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो, परत आलो, आणि तेव्हापासून या खुर्चीत बसून आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी इंदूला विचारलं, इन्व्हर्टर त्या दिवशी खरंच ओरडत होता का. ती म्हणाली, हो. मग विचारलं, आणखी काय काय ओरडतं. तिने सांगायला सुरुवात केली. वॉशिंग मशीन धुणं झाल्यावर, फ्रिजचं दार उघडं राहिल्यावर, ताप बघायची कांडी. गॅलरीत सकाळी शिंजीर येतो. मी म्हटलं, तो तर दोन वर्षांपासून येत नाही. ती म्हणाली, रोज येतो, आत्ताही आहे.

मी गॅलरीत जाऊन बघितलं. जास्वंदीवर होता. चोच उघडत होता आणि मिटत होता.

रागही येईना. कोणावर काढायचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चिंचवडला कानाच्या दवाखान्यात गेलो. इंदू सोबत होती. पूनम मॅडम म्हणून तरुण बाई आहेत, बोलायला गोड. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. खोली बघून बरं वाटलं, आमच्या आवाजाच्या खोलीसारखीच होती, फक्त इथे तपासायचा माल मी.

पहिल्या शिट्ट्या जाडसर होत्या. मी पटापट दाबत गेलो. एकही सोडली नसेल. मग त्या बारीक होत गेल्या आणि थांबल्या. वाटलं, मॅडम मशीन बदलताहेत. मी बटणावर अंगठा ठेवून तयारीत बसलो. आता पुढच्या सुरू होतील, आता होतील. काचेतून बघतो तर मॅडमची बोटं चालूच होती. मग दार उघडून त्या म्हणाल्या, "झालं काका."

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट आहे, पखवाजाची बाजू. तिथे माझा कान अजून नवा आहे म्हणाल्या. उजवीकडे रेघ घाटातून उतरावी तशी खाली जाते. कुठे काम केलंत विचारलं. प्रेस शॉप म्हटल्यावर त्यांनी पुढचं विचारलं नाही. असे रोज येतात म्हणाल्या, पिंपरीचे, भोसरीचे, चाकणचे.

कानात मशीन बसेल. त्यातही आवाजाचे आकडे होतात आणि आकड्यांचा परत आवाज होतो. मी विचारलं, म्हणजे त्यातही डॅक आहे का. त्यांना आश्चर्य वाटलं, म्हणाल्या, असतो. मी म्हटलं, मग दोन-तीन वेगवेगळे लावून बघायला द्या, आवाजात फरक असतो. इंदूने पदर तोंडाला लावला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली.

रिक्षात मात्र मला रडू आलं. ती पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेऊन जवळ सरकली.

३० नोव्हेंबर, रविवार

नवनाथला डबे आज मित्राला परत करायचे होते. त्यातला कोणताही एक आपल्याकडे ठेवता येणार होता, तो मित्र परदेशी चाललाय. म्हणजे निवड करणं भागच होतं. माझा मास्टर तर बाद झालेला. मशीन पुढच्या आठवड्यात येणार.

मी इंदूला माझ्या खुर्चीत बसवलं. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. मी म्हटलं, कळायचं नाहीये, ऐकायचंय. बारीक आवाजाचं बटण मी स्वतः मधोमध आणलं. तिला सांगितलं, डोळे मिट, आणि माझा टाळ वाजला की माझ्या तळहातावर बोट मार. मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो आणि हात पुढे केला.

भजन मला पाठ आहे. बबनराव गात होते, चिमाजी वाजवत होता, आणि टाळ कुठे पडतो हे मला न ऐकताही माहीत होतं. इंदूचं बोट तिथेच पडायला लागलं. एक आवर्तन, दुसरं. मी डोळे मिटले. इतके दिवस भिंतीपलीकडे होता तो टाळ माझ्या हातात आला होता. कँटीनचा वास आला, खरंच आला.

मग शेवटचा गजर सुरू झाला, आणि बोट चुकायला लागलं. मी मोजत होतो तिथे यायच्या आधीच ते पडत होतं. थोडं आधी, मग आणखी थोडं आधी.

"इंदू, नीट लक्ष दे. घाई करतेस."

"मी नाही, तुम्ही करताय," ती डोळे न उघडता म्हणाली. "गजर आला की तुम्ही पळताय. बबनराव ओढून धरताहेत तुम्हाला. ऐका, आत्ता ओढलं बघा."

मी नवनाथकडे बघितलं. त्याने मान हलवली. "हो मामा. सगळ्या डब्यांत तसंच आहे."

"तेव्हाही पळत होतात," इंदू म्हणाली. "मी बायकांच्या रांगेत होते. मला तर भीती वाटली होती, नंबर जातो की काय. पण तुमचा चेहरा इतका खूश होता."

घड्याळ लावून घ्यावं म्हणे. एकवीस वर्षं मी हे घड्याळ खिशात घेऊन फिरतोय. आधी लाज वाटली आणि मग असं हसू फुटलं की ठसका लागला. इंदूने हात मागे घेतला नाही. गजर संपेपर्यंत तिचं बोट माझ्या तळहातावर धावत होतं, आणि दुसऱ्या वेळी लावलं तेव्हा मीही तिच्याबरोबर धावलो.

बाकीचे डबेही तिने तसेच ऐकले. मधेच म्हणाली, या एकात बबनराव दमलेले कळतात. दुसऱ्यात कोणीतरी हळूच खोकलंय. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. वरणाला फोडणी द्यायची राहिली होती, तिला आठवण झाली नाही.

संध्याकाळी निघताना नवनाथने वायरी हातात घेऊन विचारलं, "मामा, मग कोणता ठेवू?"

मी म्हटलं, "मामीला विचार."